एमसीपी सर्व्हर घरच्या लॅपटॉपवर चालतो, ऑफिसच्या विंडोजवर 'फेल्ड' का?

वडोदऱ्याच्या अलकापुरीतल्या एका लहान सॉफ्टवेअर ऑफिसात काम करणाऱ्या मुलाचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "ताई, घरच्या उबुंटू (लिनक्स) लॅपटॉपवर क्लॉड कोडला, म्हणजे टर्मिनलमध्ये चालणाऱ्या एआय असिस्टंटला, दोन एमसीपी सर्व्हर (असिस्टंटला बाहेरची सेवा किंवा डेटाबेस वापरू देणारे छोटे प्रोग्राम) जोडले. एक गिटहबचा (कोड ठेवण्याची सेवा), एक पोस्टग्रेसचा (डेटाबेस), दोन्ही एनपीएक्सने (नोड या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामबरोबर येणारी, पॅकेज उतरवून चालवणारी कमांड) चालणारे. मस्त चालतात. तीच कॉन्फिग (सेटिंग्जची फाइल) ऑफिसच्या विंडोज मशीनवर टाकली तर कधी 'फेल्ड' येतं, कधी 'कनेक्शन क्लोज्ड'. एआयलाच विचारलं तर तो दर वेळी निराळी कॉन्फिग लिहून देतो. शेठ म्हणतात, सोमवारपासून पाचही जणांच्या मशीनवर चालू करून दे. डेटाबेस मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतल्या एका पंप बनवणाऱ्या ग्राहकाचा आहे."

तुझ्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य तू जाता जाता लिहिलंस, पण त्याच्याकडे मी शेवटी सविस्तर येणार आहे. आधी जोडणीचं बघू. (कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहितेय, टर्मिनलवर नेहमीसारख्याच टाइप कर.)

तुझ्या मशीनवर जे बिघडलंय त्याच्याशी एआयचा काडीचाही संबंध नाही. एमसीपी, म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केला. नाव भारदस्त असलं तरी लोकल सर्व्हरच्या बाबतीत घडतं ते एवढंच: असिस्टंट तू दिलेली कमांड चालवतो, त्या प्रोग्रामच्या स्टँडर्ड इनपुटवर एक ओळ जेसन (डेटा लिहिण्याचा एक ठरलेला साचा) लिहितो आणि त्याच्या स्टँडर्ड आउटपुटवर उत्तराची वाट बघतो. पहिली ओळ 'इनिशियलाइझ'ची. सर्व्हरने आपली आवृत्ती सांगायची, आपल्याला काय काय येतं ते सांगायचं. क्लायंटने, म्हणजे असिस्टंटने, पोच द्यायची. मग टूलची, म्हणजे सर्व्हर करून देतो त्या कामांची, यादी मागायची. मॉडेलचा नंबर त्यानंतर लागतो. 'फेल्ड' दिसतंय म्हणजे यादी येण्याच्या आधीच गाडी अडली आहे. प्रोग्राम सुरू झाला नाही, किंवा सुरू होऊन लगेच मेला, किंवा भलतंच काहीतरी बोलला. यातलं नेमकं काय झालं ते असिस्टंटला गप्पांच्या खिडकीतून दिसत नाही, म्हणून तो अंदाज बांधतो.

आणि त्याचे अंदाज बदलत राहतात त्यालाही कारण आहे. प्रोटोकॉल एक असला तरी कॉन्फिग फाइलचा साचा प्रत्येक क्लायंटचा वेगळा. क्लॉड कोड आणि गूगलचा जेमिनाय सीएलआय जेसनमध्ये 'एमसीपीसर्व्हर्स' ही की शोधतात. व्हीएस कोड या एडिटरच्या फाइलमध्ये तिथे नुसतं 'सर्व्हर्स' असतं. ओपनएआयचा कोडेक्स तर जेसन वापरतच नाही, त्याला टॉमल फाइल लागते आणि तिथे नाव अंडरस्कोर घालून लिहायचं. इंटरनेटवरच्या उत्तरांत या सगळ्यांची खिचडी झालेली आहे आणि तीच तुला वाढली जातेय. कॉन्फिग हाताने लिहूच नकोस. 'क्लॉड एमसीपी ॲड' ही कमांड वापर, साचा तीच सांभाळते. एक नियम मात्र पाळ: ट्रान्सपोर्ट (जोडणीचा प्रकार), एनव्ही (सर्व्हरला द्यायचे एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल), स्कोप (सर्व्हर कोणाला आणि कुठे लागू) असे सगळे पर्याय सर्व्हरच्या नावाच्या आधी; मग नाव; मग दोन डॅश; आणि त्यापुढे जे येईल ते सगळं सर्व्हरची कमांड. दोन डॅश विसरलास तर सर्व्हरसाठी लिहिलेले पर्याय क्लॉड स्वतःचे समजून बसतो.

आता निदान. असिस्टंट बंद कर. सर्व्हरची कमांड, अगदी तशीच्या तशी, साध्या टर्मिनलमध्ये चालव. काहीच छापलं नाही, कर्सर नुसता लुकलुकत बसला, तर सर्व्हर ठीक आहे. नवीन माणसं इथेच फसतात: हँग झालं समजून कंट्रोल सी दाबतात. तो हँग नाही, समोरून 'इनिशियलाइझ'ची ओळ येण्याची वाट बघतोय. उलट प्रॉम्प्ट लगेच परत आला, तर प्रोग्राम मेला आणि का मेला ते वरच्या ओळींत लिहिलेलं असतं. टोकन (सेवेत शिरायची गुप्त किल्ली) नाही, डेटाबेसचा पत्ता चुकला, नोडची आवृत्ती जुनी, नेहमीचेच यशस्वी कलाकार. याच्या पुढची तपासणी 'एमसीपी इन्स्पेक्टर' नावाच्या टूलने होते. तेही एनपीएक्सनेच चालतं, ब्राउझरमध्ये उघडतं, आणि मॉडेल मध्ये न आणता टूलची यादी व उत्तरं दाखवतं. फक्त ताजी आवृत्ती घे. जुन्या आवृत्तीतल्या एका त्रुटीमुळे नुसती वेबसाइट उघडल्याने मशीनवर कमांड चालवता येत होती. २०२५ मध्ये ती दुरुस्त झाली.

तुझ्या बाबतीत हाताने चालवून चालेल आणि असिस्टंटमधून चालणार नाही, असं मला जवळजवळ खात्रीने वाटतं. विंडोजवर एनपीएक्स ही ईएक्सई फाइल नाही, ती सीएमडी बॅच फाइल आहे. तू टर्मिनलमध्ये एनपीएक्स लिहितोस तेव्हा शेल (टर्मिनलमधल्या कमांड समजून चालवणारा प्रोग्राम) ते सांभाळून घेतं. दुसरा प्रोग्राम शेल मध्ये न घेता तीच फाइल थेट सुरू करायला गेला की ती सुरूच होत नाही, आणि असिस्टंटला दिसतं ते एवढंच की कनेक्शन बंद झालं. म्हणून विंडोजवर कमांड 'सीएमडी' द्यायची, पहिला आर्ग्युमेंट 'स्लॅश सी', आणि मग एनपीएक्स, डॅश वाय, पॅकेजचं नाव. बहुतेकांचं काम इथे संपतं. जेसनमध्ये विंडोजचा पाथ लिहावा लागलाच तर बॅकस्लॅश दुहेरी लिही.

पण थांब. शेठना पाच मशीनवर हवंय, आणि 'सीएमडी स्लॅश सी' असलेली फाइल तुझ्या उबुंटूवर चालणार नाही. एका रेपोत (गिटमध्ये ठेवलेल्या प्रोजेक्टच्या फोल्डरात) दोन फाइली ठेवून 'विंडोजवाल्यांनी ही घ्या' असं सांगत फिरणं मला पटत नाही. महिन्याभरात कोणीतरी चुकीची फाइल कमिट करतो. त्यापेक्षा एनपीएक्स मधूनच काढून टाक. सर्व्हरचं पॅकेज प्रोजेक्टच्या डेव्ह डिपेंडन्सीत (कोड लिहिताना लागणाऱ्या पॅकेजच्या यादीत) घाल, आवृत्ती ठरवून टाक, आणि कमांड म्हणून सरळ 'नोड' दे, आर्ग्युमेंट म्हणून त्या पॅकेजच्या आतल्या मुख्य फाइलचा पाथ. नोड ही खरी ईएक्सई आहे, त्यामुळे दोन्हीकडे सारखंच चालतं. असिस्टंट प्रोजेक्टच्या मूळ फोल्डरमधून सुरू करायची शिस्त मात्र ठेवावी लागेल, नाहीतर तो पाथ सापडणार नाही.

याचे आणखी दोन फायदे. एक, पहिल्यांदा चालवताना एनपीएक्स पॅकेज उतरवत बसतो, तेवढ्यात असिस्टंटची वाट बघण्याची मुदत संपते आणि 'फेल्ड' येतं. दुसऱ्यांदा सुरू केलं की आपोआप चालतं आणि माणूस गोंधळतो. एनपीएक्स काढल्यावर हे टळतं. मुदत वाढवता येते, 'एमसीपी टाइमआउट' हा एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे, पण तो मिलिसेकंदात असतो. साठ लिहून एक मिनिट मिळालं असं समजणारे मी पाहिले आहेत. दुसरा फायदा जास्त महत्त्वाचा. एनपीएक्सला आवृत्ती न सांगता पॅकेजचं नाव दिलं की काल काय प्रकाशित झालं ते आज तुझ्या मशीनवर चालू शकतं. सप्टेंबर २०२५ मध्ये पोस्टमार्क ईमेल सेवेच्या नावाने कोणा तिसऱ्यानेच बनवलेलं एक एमसीपी पॅकेज असंच उघडकीला आलं. आधीच्या कितीतरी आवृत्त्या सरळ होत्या; १.०.१६ मध्ये एक ओळ वाढली आणि प्रत्येक ईमेलची गुपचूप प्रत बाहेर जाऊ लागली. ठरवलेल्या आवृत्तीवर बसलेल्या माणसाला निदान ती ओळ आपोआप मिळाली नसती.

'घरी दिसतो, ऑफिसात यादीतच नाही' असाही प्रकार होतो, तो स्कोपचा. 'क्लॉड एमसीपी ॲड' काहीच न सांगता केलं तर सर्व्हर 'लोकल' स्कोपमध्ये जातो, म्हणजे फक्त तुझ्यासाठी आणि फक्त त्या फोल्डरसाठी. शेजारच्या फोल्डरमधून क्लॉड उघडलास की तो गायब. 'यूजर' स्कोप तुझ्या सगळ्या प्रोजेक्टना लागू. टीमसाठी हवा 'प्रोजेक्ट' स्कोप: तो रेपोच्या मुळाशी 'डॉट एमसीपी डॉट जेसन' अशी फाइल करतो, ती गिटमध्ये घालायची. सहकाऱ्याने ती पुल केल्यावर क्लॉड त्याला विचारतो, हा सर्व्हर चालू देऊ का? घाईत कोणी 'नाही' म्हटलं की ते लक्षात राहतं आणि मग तुझ्याकडे फोन येतो, "माझ्याकडेच चालत नाही." त्यावर 'क्लॉड एमसीपी रीसेट-प्रोजेक्ट-चॉइसेस'.

टोकन त्या फाइलमध्ये लिहायचं नाही. डॉलर आणि महिरपी कंसात व्हेरिएबलचं नाव लिही, किंमत ज्याच्या त्याच्या मशीनवर. विंडोजवर 'सेटएक्स'ने व्हेरिएबल ठेवलास तर आधीपासून उघड्या असलेल्या टर्मिनलला तो दिसत नाही, नवीन उघडावा लागतो. टोकन आधीच कमिट झालं असेल तर फाइलमधून पुसून उपयोग नाही, ते इतिहासात राहतं. गिटहबवर जाऊन रद्द कर आणि नवीन काढ.

ऑफिसात प्रॉक्सी (इंटरनेटकडे जाणारी सगळी रहदारी जिच्यातून जाते ती मधली यंत्रणा) आहे का ते विचार. बऱ्याच क्लायंटच्या खाली जे एसडीके (प्रोग्राम लिहिण्यासाठीची तयार लायब्ररी) आहे ते सर्व्हर सुरू करताना तुझं सगळं एनव्हायर्नमेंट त्याला देत नाही, पाथ, होम अशी मोजकीच नावं देतं. प्रॉक्सीचे व्हेरिएबल त्यात नसतात. मग असिस्टंट स्वतः इंटरनेटवर मजेत बोलत असतो आणि त्याने सुरू केलेला सर्व्हर बाहेर पडू शकत नाही. अशा वेळी प्रॉक्सी आणि ऑफिसचं सर्टिफिकेट असेल तर 'नोड एक्स्ट्रा सीए सर्ट्स' हे दोन्ही सर्व्हरच्या एनव्हीमध्ये स्पष्ट लिहून दे.

आता तुझे दोन सर्व्हर.

गिटहबचा. एनपीएक्सने चालणारा जो गिटहब सर्व्हर जुन्या लेखांत सापडतो तो सुरुवातीच्या नमुन्यांपैकी होता आणि आता निवृत्त झालाय. एप्रिल २०२५ पासून गिटहबचा स्वतःचा अधिकृत सर्व्हर आहे, आणि तो रिमोटही मिळतो: ट्रान्सपोर्ट एचटीटीपी, पत्ता गिटहबच्या कागदपत्रांत आहे, हेडरमध्ये टोकन. तुझ्या मशीनवर काहीच चालवायचं नाही, म्हणजे विंडोज-उबुंटूचा प्रश्नच मिटला. पत्त्याच्या शेवटी 'रीडओन्ली' जोडलं की फक्त वाचणारी टूल मिळतात. तसंच जोड. टोकन फाइन-ग्रेन्ड (ठरावीक रेपो आणि परवानग्यांपुरतं) काढ, आणि ज्या एका रेपोवर काम आहे तेवढाच त्यात निवड.

हा आग्रह का, ते सांगते. मे २०२५ मध्ये इन्व्हेरियंट लॅब्जच्या लोकांनी दाखवून दिलं की सार्वजनिक रेपोत कोणीही एक इश्यू (तक्रार किंवा सूचनेची नोंद) टाकायचा, त्यात असिस्टंटला उद्देशून सूचना लिहायच्या. तुम्ही 'जरा उघडे इश्यू बघ' म्हणालात की असिस्टंट तो वाचतो, तुमच्याच टोकनने खाजगी रेपोत शिरतो आणि तिथला मजकूर सार्वजनिक पुल रिक्वेस्टमध्ये (कोडमध्ये बदल सुचवणारी नोंद) आणून ठेवतो. सर्व्हरच्या कोडमध्ये दोष नव्हता. मॉडेल जे वाचतं त्यातली माहिती कुठली आणि हुकूम कुठला हे त्याला खात्रीने वेगळं करता येत नाही, एवढंच कारण. म्हणून त्याला 'असं करू नकोस' असं लिहून देण्यावर विसंबायचं नसतं. ते करणं शक्यच होणार नाही असं टोकन द्यायचं असतं. 'दर वेळी विचारू नकोस' हे बटण ज्या टूलला लिहिता येतं त्याला कधीच द्यायचं नाही, कितीही कंटाळा आला तरी.

पोस्टग्रेसचा सर्व्हर मला जास्त छळतो. तोही त्याच जुन्या नमुन्यांतला असणार, कारण लोक अजून तोच सुचवतात. तो 'फक्त वाचतो' असं म्हणत असे, कारण प्रत्येक क्वेरी रीड-ओन्ली ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे लिहायला मनाई असलेल्या व्यवहारात, गुंडाळत असे. पण एका फटक्यात अनेक वाक्यं स्वीकारत असल्यामुळे 'कमिट', अर्धविराम आणि पुढे 'ड्रॉप' (टेबल पुसण्याचा हुकूम) असं पाठवलं की ट्रान्झॅक्शन संपलं, आणि पुढचं वाक्य मोकळं. २०२५ मध्ये तो अर्काइव्हमध्ये गेला. दुसरा कुठला घेतलास तरी सर्व्हरच्या वचनावर जाऊ नकोस, डेटाबेसमध्येच बंदोबस्त कर. एक वेगळा रोल (डेटाबेसचा वापरकर्ता) बनव, लागणाऱ्या टेबलांवर फक्त 'सिलेक्ट'चा, म्हणजे वाचण्याचा, ग्रँट (परवानगी) दे, बाकी काही नाही. स्टेटमेंट टाइमआउट लाव, नाहीतर एखादा बेफाम जॉइन ग्राहकाचं काम थांबवेल. रोलवर नुसतं 'डिफॉल्ट ट्रान्झॅक्शन रीड ओन्ली' लावून भागत नाही, ते सेशनमध्ये 'सेट'ने उलटवता येतं. ग्रँट उलटवता येत नाही.

माझं मत विचारशील तर मुक्त एसक्यूएल (डेटाबेसला हवी ती क्वेरी विचारण्याची मुभा) देणारा सर्व्हर टीमला देऊच नकोस. शेठना काय हवंय? कुठल्या पंपाच्या किती ऑर्डर अडल्या, कुठल्या भागाचा साठा संपत आला, असलेच तीन-चार प्रश्न असणार. एसडीके वापरून स्वतःचा छोटा सर्व्हर लिही: तीन टूल, आत ठरलेल्या तीन क्वेरी, बाहेरून फक्त तारीख आणि भागाचा कोड. दुपारभराचं काम आहे. टूलचं वर्णन नीट लिही. मॉडेल कुठलं टूल उचलतं ते त्या दोन ओळींवर ठरतं. आणि उत्तरात ओळींची मर्यादा घाल. क्लॉड कोड एका टूलचं उत्तर दहा हजार टोकनच्या (इथे टोकन म्हणजे किल्ली नव्हे, मॉडेल मजकूर मोजतं ते तुकडे) पुढे गेलं की इशारा देतो, पंचवीस हजार ही मुळातली मर्यादा आहे. पण तिथवर पोचू दिलंस तर संभाषणाची जागा नुसत्या ओळींनी भरते आणि असिस्टंटला मूळ काम आठवेनासं होतं.

स्वतःचा सर्व्हर लिहिणाऱ्याला हमखास चावणारी गोष्ट: स्टँडर्ड आउटपुटवर प्रोटोकॉलशिवाय एक अक्षरही जाता कामा नये. पायथनमधला एक प्रिंट, नोडमधला एक कन्सोल लॉग, आणि क्लायंटला जेसनऐवजी 'डेटाबेस जोडला' असं वाक्य मिळतं. तिथेच कनेक्शन तुटतं. लॉग सगळे स्टँडर्ड एररवर. आणि प्रिंट तुझाच असेल असंही नाही. डॉटएन्व्ह नावाची लायब्ररी सतराव्या आवृत्तीपासून सुरू होताना स्वतःहून एक ओळ छापते. एरवी निरुपद्रवी, इथे घातक. तिला 'क्वाएट' सांगावं लागतं. दोन दिवस कॉन्फिग उलटीपालटी करणाऱ्यांच्या मशीनवर शेवटी ही एवढीशी ओळच निघालेली मी पाहिली आहे.

जोडून झाल्यावर 'स्लॅश एमसीपी'ने स्थिती बघ आणि 'स्लॅश कॉन्टेक्स्ट'ने टूलच्या वर्णनांनी किती जागा खाल्ली ते बघ. गिटहबचा सर्व्हर डझनावारी टूल आणतो. नको ते टूलसेट बंद कर. किंबहुना गिटहबसाठी सर्व्हर लागतोच का, हेही स्वतःला विचार. 'जीएच' ही गिटहबची कमांड पाचही मशीनवर टाकली तर टर्मिनलमधला असिस्टंट ती स्वतःच चालवतो, जोडणी नाही, हँडशेक नाही, आणि काय चालवलं ते तुला समोर दिसतं. ज्याला कमांड लाइन नाही आणि ब्राउझरमधून लॉगिन करावं लागतं, अशा सेवांसाठी एमसीपीचा खरा उपयोग. मी स्वतः गिटहबला 'जीएच'च वापरते. तुझ्या टीमला लॉगिन करून देण्याचा कंटाळा असेल तर रिमोट सर्व्हर चालेल, माझा विरोध नाही.

आता ते शेवटचं वाक्य. सर्व्हर लोकल आहे म्हणजे डेटा ऑफिसातच राहतो, अशी शेठची समजूत असेल. ती चुकीची आहे. सर्व्हर तुझ्या मशीनवर चालतो हे खरं, पण त्याने आणलेलं उत्तर असिस्टंट मॉडेलला वाचायला पाठवतो, आणि मॉडेल तुझ्या मशीनवर नाही. म्हणजे क्वेरीची प्रत्येक ओळ बाहेर जाते. त्या टेबलांत कामगारांची, डीलरांची नावं आणि फोन नंबर असतील तर तो २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यातला वैयक्तिक डेटा आहे. किमती आणि ऑर्डर तर ग्राहकाचं व्यापारी गुपित. मकरपुऱ्यात एकाचा शेजारी हाच त्याचा स्पर्धक असतो, हे तुला मी सांगायला नको. ग्राहकाशी झालेल्या करारात डेटा तिसऱ्याकडे देण्याबद्दल काय लिहिलंय ते शेठनी बघायला हवं, तू नाही. तू एवढंच कर: स्कीमा (टेबलं आणि रकान्यांची रचना) तोच ठेवून खोट्या ओळींचा एक टेस्ट डेटाबेस बनव आणि सर्व्हरला तोच पत्ता दे. कोड लिहायला, क्वेरी सुधारायला असिस्टंटला स्कीमा पुरतो.

तेव्हा सोमवारी पाच मशीनवर गिटहब आणि टेस्ट डेटाबेस लाव, आणि खऱ्या डेटाबेसचं ग्राहकाकडून लेखी आल्यावर बघू असं शेठना ईमेलने कळव, तोंडी नको. इतकं करूनही विंडोजवर 'फेल्ड' राहिलं तर क्लॉड डीबगमध्ये सुरू करून त्या सर्व्हरच्या नावाच्या ओळी मला पाठव. टोकन मात्र खोडून.